सातवी पट्टी

गिटार दुरुस्त करणाऱ्या थोरल्याला साठी उलटेपर्यंत अक्षरओळख नव्हती. कान मात्र असा, की रेकॉर्ड लागली की वाजवणाऱ्याचं नख कुठे तुटलंय ते सांगायचा. दुकानात काम आणि रेकॉर्ड जोडीनंच चालत. सकाळी जॅझ. "हा बाबा वाट चुकल्यासारखं करतो, पण घरी वेळेवर पोचतो." दुपारी लोकसंगीताची, साधी, उघड्या तारांची. आणि संध्याकाळी धाकट्या भावाची एकुलती एक.

तीत शब्द नव्हते, चालही धड नव्हती. तारांत चमचा अडकवून वाजवलेली नुसती गिटार. शेजारचा शिंपी म्हणायचा, "भांड्यांची मांडणी कोसळली काय रे?" गिटार थोरल्याच्या हातची होती. तिच्या मानेवरची, तारांखालची धातूची सातवी पट्टी सैल झाली, तेव्हा धाकटा ती बसवून मागत होता. थोरल्यानंच अडवलं. "राहू दे. ही खरखर म्हणजे तिचा गळा आहे." त्याच खरखरीनं धाकट्याचं नाव झालं.

रेकॉर्डच्या पाकिटामागची शेवटची ओळ बायको वाचून दाखवायची, "ही गिटार आणि हा आवाज माझ्या दादाचा." थोरला गिऱ्हाइकांपुढेही पाकीट धरायचा. गिऱ्हाइकं त्याच्या खांद्यावरून मागे बघत आणि म्हणत, "भाग्यवान आहात."

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मग तो प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला. बाईंनी विचारलं, "आजोबा, या वयात कशाला?"

"एक ओळ वाचायचीय."

वाचता येऊ लागलं तेव्हा त्यानं पाकिटावर बोट ठेवलं. आवाज टिपणाऱ्याचे आभार होते, फोटो काढणाऱ्याचे होते, स्टुडिओत चहा देणाऱ्याचेही होते. शेवटच्या ओळीत छापखान्याचा पत्ता होता. तो तीनदा वाचला. गिऱ्हाइकं खांद्यावरून कुणाकडे बघायची, ते आता कळलं. बायकोवर रागवावं, तर ती हाती लागायची नव्हती.

महिन्याभरात धाकटा गिटार घेऊन आला.

"दादा, रेकॉर्डला पंचवीस वर्षं झाली. शनिवारी सगळी पुन्हा वाजवणार आहे. तारा तेवढ्या बदल."

थोरल्यानं गिटार मांडीवर घेतली. "त्या पाकिटावर आभार कुणाकुणाचे मानलेस रे?"

"ते कंपनीवाल्यांनी लिहिलं. मी कशाला बघतोय." धाकटा हसला. "आणि तू तरी कुठे वाचणार होतास?"

"तेही खरंच."

धाकटा गेल्यावर थोरल्यानं तारा उतरवल्या. सातव्या पट्टीखालची खाच साफ केली, सरस भरला, पट्टी ठोकून बसवली आणि कानशीनं घासली. इतकं सुबक काम त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

शुक्रवारी धाकट्यानं दुकानातच तार छेडली. सूर स्वच्छ निघाला, दुकानात टांगलेल्या कुठल्याही गिटारीसारखा. त्यानं पुन्हा छेडली.

"दादा, खरखर कुठे गेली?"

"दोष होता. काढला."

"पुन्हा सैल कर. उद्या कार्यक्रम आहे."

"सैल करीन. पण तो गळा परत यायचा नाही. तो आपला आपण आला होता."

धाकट्याचा हात गिटारीला बांधलेल्या चिठ्ठीवर गेला. वेडीवाकडी, मोठाली अक्षरं होती: सातवी पट्टी बसवली. खाली थोरल्याचं नाव, पुरं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

धाकट्याची नजर चिठ्ठीवरून रेकॉर्डच्या पाकिटाकडे गेली. थोरल्यानं पुढची गिटार मांडीवर घेतली. त्या संध्याकाळी दुकानात रेकॉर्ड लागली नाही.