मुरमातली चवळाई

दिवेलागणीला घरात येताना सहा वर्षांची शामला पुन्हा उंबऱ्याला अडखळून पडली, तेव्हा तिच्या आईच्या, पंचफुलेच्या लक्षात आलं. पोरीला अंधुक उजेडात दिसतच नव्हतं.

सकाळी ती तिला दवाखान्यात घेऊन गेली. चारुशीला नर्सबाईंनी डोळे पाहिले, औषध पाजलं. "रातांधळेपणा आहे. वेळेवर आणलंत. पण आता रोज पालेभाजी पोटात जायला पाहिजे. चवळाई, पालक, मुंगण्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, काहीही. थोड्या तेलात परतून द्या."

रोज कुठून आणायची? त्र्याहत्तरचा तो उन्हाळा. दुष्काळाने नागपुरात भाजी महागलेली. नवऱ्याच्या, बळीरामच्या मिलच्या पगारात आठवड्यातून एखादी जुडी आली तरी पुष्कळ. पंचफुला चालत घरी आली, तोवर तिचं ठरलं होतं.

संध्याकाळी बळीराम मिलमधून आला, तर बायको खोलीमागचा मुरूम पहारीने फोडत होती.

"काय करून राहिली वं?"

"पोरीसाठी भाजी लावा लागते."

"या मुरमात? अन् पाणी? इथं प्यायलेच पुरत नाही."

"आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं पाणी मोरीतून वाहूनच जाते ना जी. ते घालीन."

बळीराम मान हलवत आत गेला. पंचफुलेने हाताला फोड येईतो खणलं. कोरड्या नाल्यातला गाळ टोपल्याने वाहून आणला, चवळाई पेरली. कोंब आले, बोटभर वाढले आणि एका दुपारी शेजारच्या रंभाबाईची शेळी सगळा वाफा फस्त करून गेली.

पंचफुलेचे डोळे भरून आले. पदराने तोंड पुसून ती रंभाबाईच्या दारात गेली. रंभाबाई भांडायच्या तयारीतच उभी होती.

"मावशी, माही सारी चवळाई तुमच्या शेळीनं खाल्ली. आता तिले बांधून ठेवा. अन् तिच्या लेंड्या मले द्या, खताले."

"बस, इतकंच?"

"रोज द्या म्हंजे झालं."

रंभाबाई ओशाळली. दुसऱ्या दिवशी लेंड्यांच्या टोपल्यासोबत तिने मुंगण्याची एक फांदीही लावायला आणून दिली. रविवारी बळीरामने कोणी न सांगता बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

या खेपेला चवळाई तरारली. शामला भाजी पाहून तोंड वेंगाडायची, म्हणून पंचफुला पाला कधी वरणात घाली, कधी भाकरीच्या पिठात मळी. पोळा झाला आणि एका सांजवेळी शामला पोरांसोबत लपाछपी खेळून, कुठेही न ठेचकाळता धावत घरात आली.

भाजीचे पैसे वाचू लागले, तसं घरात पोरीसाठी पावशेर दूध येऊ लागलं.

"पलीकडचा तुकडा काहून रिकामा ठेवला?" बळीरामने विचारलं.

"तिथं मेथी लावीन म्हणते, थंडी पडली की. जागा लई कडक आहे पण."

बळीरामने सदरा काढून खुंटीला टांगला आणि पहार उचलली.