डबीतला डोळा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा डोळा आहे. जुना, पण कोरा. आजवर मी कुणाच्याही चेहऱ्यावर बसलेलो नाही. पापण्या नसल्यामुळे मला मिटता येत नाही, म्हणून डबीचं झाकण लागलं तरी मी बघतच असतो. कापसात काय दिसणार म्हणा.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. समोर एक बाई बसली होती. तिचा उजवा डोळा निरखत तो माझं बुबुळ रंगवत होता. "माप नंतर घेऊ, रंग आज जुळवू," असं म्हणाला. तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. ती कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करायची. घाम पुसायला तिने क्षणभर गॉगल कपाळावर सरकवला आणि तेवढ्यात लोखंडाचा तापलेला कण डोळ्यात घुसला. दोन ऑपरेशनं होऊनही नजर आली नाही. ठणका तेवढा राहिला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उजेड कळत असेल, तर अजून एकदा ऑपरेशन करून बघू. वाचता येणार नाही, पण समोर कुणी आहे एवढं कळेल. उजेडच कळत नसेल, तर डोळा काढलेला बरा, दुखणं तरी थांबेल. इथे तुमची उत्तरं कधी बरोबर येतात, कधी चुकतात. घरी शांतपणे बघा."

घाई नवऱ्याला. त्यानेच मला आधी बनवून घेतलं. सासूबाई त्याच्यावर डाफरल्या, "जिवंत डोळ्याच्या उशाला हे कशाला आणून ठेवलंस?"

मी मात्र गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो. कधी एकदा तो डोळा जातो आणि माझी जागा मला मिळते, असं झालं होतं. कपाटावरच्या उघड्या डबीत मला बघून येणारा-जाणारा 'हुबेहूब' म्हणायचा आणि जाताना माझी डबी भिंतीकडे वळवायचा. सकाळी मी पुन्हा खोलीकडे वळलेला असे. कोण वळवायचं, ते मलाही माहीत नाही.

एका दुपारी खिडक्यांना जाड चादरी लावल्या. तिने डाव्या डोळ्यावरची पट्टी काढली आणि चांगला डोळा घट्ट बांधला. नवरा टॉर्च लावायचा, विझवायचा.

"आता उजेड. आता अंधार." ती एकदाही चुकली नाही. नवऱ्याचे डोळे भरून आले. माझी जागा हातची गेली म्हणायची.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "तिला दिसत नाहीये, ऐकू येतंय. बटण केवढ्याने वाजतंय तुझं."

त्यांनी टॉर्च लावूनच ठेवला आणि तळहाताने झाकत, उघडत विचारलं. सगळी उत्तरं उलटसुलट आली.

"मला खरंच वाटलं, दिसतंय म्हणून," ती म्हणाली. "जाऊ दे. काढून टाकू या."

सासूबाई टॉर्च ठेवायला कपाटाकडे वळल्या. झोत माझ्यावर पडला आणि ती एकदम ताठ झाली.

"तिकडून कोण बघतंय माझ्याकडे?"

तिचं बोट नेमकं माझ्यावर होतं. सासूबाईंनी तळहाताने झोत झाकला. "गेलं," ती म्हणाली. हात काढला. "आलं." मग नवऱ्याने टॉर्च धरला आणि सासूबाई मला उचलून, पाऊल न वाजवता, दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या. तिचं बोट माझ्या मागोमाग फिरलं.

समोर धरलेल्या टॉर्चचा न दिसलेला उजेड तिला माझ्यातून कसा दिसला, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. ऑपरेशन मात्र तिने करून घेतलं. आता दारात कुणी उभं राहिलं, की डाव्या बाजूने तिला सावली कळते.

माझी डबी पुन्हा फारशी उघडली नाही. वयाबरोबर तिचा चांगला डोळा फिका झाला, माझा रंग आता तिच्याशी जुळतही नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ती दारातल्या माणसाला "ये" म्हणते, ते मला कापसातूनही ऐकू येतं आणि बरं वाटतं.

मित्रांनो, कामाला उभे राहाल तेव्हा गॉगल कपाळावर नको, डोळ्यांवर असू द्या. त्या कारागिराच्या खणात माझी भावंडं अजून पडून आहेत. काळी, घारी, तपकिरी. तुमच्याही रंगाचं एखादं असेल. ती वाट बघत आहेत, आणि आम्हांला पापण्या नसतात.