ताटाएवढी जास्वंद

वाईत गोपाळकृष्णांची बाग गल्लीभर प्रसिद्ध होती, आणि त्या बागेत त्यांच्या बायकोला, शरयूला, हात लावायची बंदी होती. तुझ्या हाताला गुण नाही, असं ते म्हणत. मूलबाळ झालं नव्हतं, त्यामुळे ते बोलणं जास्तच लागायचं. एकदा तर भर पंगतीत, हिच्या हातून आजवर काही उगवलंय का, असं विचारून ते स्वतःच खो-खो हसले. शरयू तेव्हा मठ्ठा वाढत होती. ती शेवटच्या पानापर्यंत वाढत गेली.

गेल्या वर्षी संक्रांतीला त्यांची भाची स्वानंदी अमेरिकेहून आली. तिथल्या एका बागेत वाळलेल्या बोंडांतून तिनं जास्वंदीचं बी गोळा केलं होतं. आपल्याकडे जास्वंदीची फांदी खोचतात; बियांची जास्वंद म्हटल्यावर मामा हरखलेच. फूल ताटाएवढं, पण एकाच दिवसाचं. थंडीत झाड जमिनीपर्यंत वाळतं, मूळ मात्र जिवंत असतं आणि उन्हाळ्यात पुन्हा फुटतं, हे स्वानंदीनं दोघांनाही बजावून सांगितलं. मामांनी एकेका बीच्या टणक सालीला नेलकटरनं चीर दिली, रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. रोपं आली, त्यातलं एक जगलं. पावसाळ्यात ते कमरेला लागलं, पण फूल काही आलं नाही. पुढच्या वर्षी ते फूल डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच हौस राहिलीय, असं ते येईल त्याला सांगत.

दिवाळीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. खाट खिडकीशी लावली होती, तिथून झाड दिसायचं.

मार्गशीर्षात ते वाळलं. शरयूनं त्यांच्या देखत विळ्यानं ते बुडाशी कापलं आणि आत येऊन सांगितलं, “गेलं हो तुमचं झाड.” ते डाव्या हातानं पुन्हा पुन्हा जमिनीकडे बोट दाखवू लागले. मूळ, मूळ, असं त्यांना म्हणायचं होतं आणि शरयूला ते चांगलं कळत होतं. तिनं तो हात पांघरुणात घातला. मग डोळ्यांवर ऊन येतं म्हणून खाट फिरवून घेतली, तोंड भिंतीकडे.

गल्ली तिचं कौतुक करत होती. औषध वेळेवर, पेज वेळेवर, पाठीला एक जखम होऊ दिली नाही बाईनं. नावं ठेवायला जागा नव्हती. आणि रोज दुपारी, ते झोपले की, ती झाडाच्या बुंध्याशी बसायची. शेणखत घालायची, माती भुसभुशीत करायची. आयुष्यात पहिल्यांदा मातीत हात घालायला मिळाला होता आणि तिला फार सुख होत होतं. होळीनंतर मुळातून कोंब आले. ते तिनं सांगितलं नाही.

आषाढात रोज एक फूल उमलू लागलं. शेजारची राजेश्वरी दूध घालायला आली ती थेट आत, खाटेपाशी.

“काकू, तुमच्या हाताला लय गुण हाय बघा. एवढं मोठं फूल म्या जन्मात बघितलं न्हाई.”

गोपाळकृष्णांचं निम्मं अंग ताठ झालं. ते मी लावलंय, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला.

“काकास्नी दावलं न्हवं?”

“रोज दाखवते,” शरयू म्हणाली.

राजेश्वरी गेल्यावर त्यांनी तिच्याकडे जे बघितलं ती विनवणी होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. शरयूला ते बघून बरं वाटलं. ती स्वयंपाकाला लागली.

दिवेलागणीला तिनं मिटून गळून पडलेलं फूल उचलून आणलं आणि त्यांच्या डाव्या हातात ठेवलं. ते अंगठ्यानं पाकळ्या उलगडायला बघत होते. पाकळ्यांचा लगदा झाला. त्यांनी मूठ घट्ट आवळली, तेव्हा तिनं एकेक बोट सोडवून तळवा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसला.

“उद्या दोन उमलणार आहेत,” ती म्हणाली.