घरमालकाचे नाव

पेनच्या टोकाला सुताचं कुसळ अडकलं होतं, म्हणून ‘घरमालकाचे नाव’ या रकान्यात शाईचा नुसता ठिपका पसरत गेला, आणि मृणालीला वाटलं, पसरू दे... अर्ज खराब झाला तर निदान आत्ताची वेळ टळेल. पण उद्याच शेवटची तारीख. समोर बसलेल्या कैसरच्या लेकीला, आफरीनला, शाळेत मोफत जागा मिळायची तर खोलीचा भाडेकरार जोडायला हवा, आणि नारपोलीच्या या चाळीत करार कुणाकडेच नाही. भिंतीपलीकडच्या कापडाच्या लूमची थरथर तिच्या तळपायांत चढत होती.

“लिखो ना बेटी, तुळशीराम सेठ,” कैसर म्हणाली. “आदमी अच्छा है. बस, कागज नहीं देता.”

तुळशीराम सेठ. तिचे बाबा. समाजकार्याच्या कॉलेजने फिल्डवर्कला हीच वस्ती दिली, तेव्हाच मॅडमना सांगायला हवं होतं... इथे ती नुसती कॉलेजवाली मृणाली, आडनावाशिवाय. परवाच्या कीर्तनात, दारी आलेल्या परक्याला पाट मांडणाऱ्या म्हातारीची कथा बुवांनी आळवली, तेव्हा टाळ खाली ठेवून उपरण्याने डोळे पुसणारे बाबा — ते पाणी खरं होतं, मी शेजारीच बसले होते — तेच आज सकाळी चहाची बशी ठेवत म्हणाले, “पोरीला दप्तर घे, पुस्तकं घे, मी देतो. पन सही न्हाय गो. आज कागुद दिला, उद्या खोली गेली.” आणि त्यात दुष्टपणा कुठेच नव्हता, हीच पंचाईत, दुष्ट असते तर भांडता आलं असतं.

“मैं... बात करके देखती हूँ.”

“सुबह कर आयी ना बात? मुँह तो उतरा हुआ है,” कैसर हसली. “पहले दिन से मालूम है. नाक तो सेठ की ही लायी है तू. रहने दे. अगले साल देखेंगे.”

पुढच्या वर्षी आफरीनचं वय नियमात बसणार नाही. हे मृणालीला माहीत होतं; कैसरलाही.

कैसरने अर्ज हळूच काढून घेतला, त्याची घडी घातली. हिने ओरडावं — मृणालीला वाटलं — बापाचा उद्धार करावा, हाकलून द्यावं, म्हणजे काहीतरी बोलता तरी येईल... पण कैसर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्या हाताखाली ती, मदत करायला आलेली, लहान लहान होत गेली. पुरे, म्हणायचं धैर्य होईना. आणि खोल कुठेतरी, हा हात थांबू नये, असंच वाटत होतं.