हात लागलाय

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, चऱ्होलीच्या वेशीवर, हिंदुरावशेठांच्या अमेरिकन गाडीची डिकी उघडली नाही.

साल १९७३, महिना मार्गशीर्ष. शेठांचा मुलगा बाशिंग बांधून रस्त्यावर उभा होता आणि वाजंत्री थांबली होती. त्या गाडीचं छत कापडाचं होतं. बटण दाबलं की डिकीचं झाकण विजेवर सुटायचं, मागं उचललं जायचं आणि छत घडी होऊन डिकीत बसायचं. म्हणजे डिकी उघडली नाही तर छत उतरणार नाही, आणि उघड्या गाडीतली वरातही निघणार नाही. त्या वरातीचं वर्णन शेठांनी आठ दिवस चिंचवडभर केलं होतं.

ड्रायव्हर जयसिंगनं सात वेळा बटण दाबलं. डॅशबोर्डखाली टक्क वाजे, मागं काहीच हलेना.

"रुसली जनू गाडी," मुलीकडचा एक म्हातारा म्हणाला. "शेठ, तिला बी लुगडं घ्याया पायजे व्हतं!"

वऱ्हाड हसलं. शेठांनी मान वळवून मीरासाहेबांकडे पाहिलं.

मीरासाहेब पिंपरीचे, मोटारीच्या विजेकामातले जुने मिस्त्री. लग्नाला पाहुणे म्हणून आलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. बाह्या सारून ते मागच्या सीटवर वाकले. सीटच्या पाठीमागं डिकीचा पत्रा चार स्क्रूंनी बसवलेला होता. चारही स्क्रूंची डोकी खरवडलेली दिसली. ते उठले आणि सवयीनं म्हणाले, "शेठ, ह्याला हात लागलाय."

गॅरेजात हे वाक्य दिवसातून दहादा कानावर येतं. कुणीतरी आधी हे काम खोललंय, एवढाच त्याचा अर्थ. पण शेठ काही गॅरेजात वाढलेले नव्हते.

"हात लागलाय? कुणाचा?" ते जयसिंगकडे वळले. "आजची रजा मागितली होतीस ना रे? दिली नाही, म्हणून हे केलंस?"

"न्हाई शेठ, आईला दवाखान्यात दाखवायचं व्हतं. म्या कशाला..." जयसिंगनं मीरासाहेबांकडे पाहिलं. "मिस्त्री, तुमी सांगा की."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. शेठ, आमच्या बोलीत त्याचा अर्थ तसा नाही. पण शेठ ओरडत होते, लोक गाडीभोवती दाटले होते आणि हत्यारं जवळ नसल्यानं मीरासाहेबांनाही डिकी उघडता आली नव्हती. ते रुमालानं हात पुसत राहिले. हाताला काळं काहीच लागलेलं नव्हतं.

जयसिंगनं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो आळंदीच्या रस्त्यानं चालू लागला. नवरदेव मागवलेल्या जीपमधून मांडवात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मीरासाहेबांच्या गॅरेजात आणली. मीरासाहेबांनी पत्रा काढला आणि टेस्टचा दिवा हातात घेऊन डिकीत हात घातला. दिव्याची एक वायर डिकीचं कुलूप सोडणाऱ्या छोट्या मोटारीत येणाऱ्या विजेला लावली, दुसरी मोटारीच्या अंगाला. दिवा लागला नाही. दुसरी वायर तिथून काढून उघड्या लोखंडाला टेकवली, तेव्हा लख्ख पेटला. म्हणजे वीज मोटारीपर्यंत येत होती, तिला परतायला वाट नव्हती. ही परतीची वाट म्हणजे अर्थ, तो तुटला होता.

अर्थची वायर डिकीच्या तळाला एका बोल्टखाली होती. बोल्ट सोडला, तर वायरीच्या कडीखाली लाल रंगाचा जाड थर, आणि रंगातून वीज जात नाही.

तो रंग त्यांनी ओळखला. ज्येष्ठात तळाला गंज धरला म्हणून त्यांनीच घासून लाल ऑक्साइड मारला होता आणि रंग खरवडायचं विसरून बोल्ट वरून आवळला होता. छताचं कापड तेव्हा धुतलेलं, ओलं होतं; ओल्याची घडी करता येत नव्हती. म्हणून बटण दाबून पाहायचं राहिलं. पावसाळाभर गाडी झाकून होती. वेशीवर दाबलं ते बटण त्यानंतरचं पहिलंच.

मग त्यांनी पत्र्याचा एक स्क्रू उजेडात धरला. खाचेत एकाच बाजूनं ओरखडा होता. त्यांच्या पेचकसाचं एक टोक दोन वर्षांपासून तुटलेलं होतं. हात लागला होता खरा, पण तो त्यांचाच.

बोल्टखालचा रंग खरवडला, वायर परत बसवली, बटण दाबलं. झाकण सुरळीत वर गेलं. काम अकरा मिनिटांचं.

घरी त्यांनी हे बायकोला, बिल्किसला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "पेचकस बरा उचलवतो तुमच्याच्यानं," ती म्हणाली. "जीभ तेवढी उचलवली नाही." त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी ते शेठांकडे गेले. "शेठ, चूक माझी होती. जयसिंगनं गाडीला काही केलेलं नाही."

"मिस्त्री, त्याच्या म्हातारीची दया आली का तुम्हाला?"

"दया नाही. रंग मी मारला होता. तुम्ही त्याला बोलावून घ्या."

"अख्ख्या वऱ्हाडासमोर तुम्हीच बोललात. आता मी काय गावाला सांगत फिरू, आमचा मिस्त्री चुकला म्हणून? नवा ड्रायव्हर लागलाय. विषय संपला."

जयसिंगची खोली सांगवीला होती. मीरासाहेब सायकलवर गेले, तेव्हा दाराला कुलूप. शेजारच्या चतुराबाईंनी सांगितलं, "आईला घिऊन चाकणकडं गेला. ट्रक मिळतोय का बघतो म्हनला. तुमी कोण त्येचे?"

"ओळखीचा," मीरासाहेब म्हणाले. नाव त्यांनी सांगितलं नाही, आणि परतीच्या वाटेवर त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

त्यानंतरचे तीन शुक्रवार नमाज झाला की ते चाकणला जात राहिले. तिसऱ्या खेपेला ट्रकच्या अड्ड्यावर मुकादम कोंडाजी भेटला. जयसिंग येऊन गेला होता, दहा दिवसांपूर्वी.

"घेतला नाही?"

"न्हाई बा. मानूस गरीब दिसला, पर त्येच्याबद्दल ऐकलं व्हतं." कोंडाजीनं तंबाखू मळता मळता आवाज खाली आणला. "मालकाच्या गाडीला हात लावतो म्हनं. पिंपरीचा कुनी मोठा मिस्त्री हाय, त्येनंच पकडला."

जयसिंग तिथून कुठं गेला, ते कोंडाजीला माहीत नव्हतं.