वेंडेलची शिंगं

"अगं, मळा खणतेयस की नवऱ्याला शोधतेयस?" मी कुंपणापलीकडून विचारलं.

"नवरा कुठाय ते ठाऊक आहे मला. चर्चमागे," अपोलोनिया वर न बघता म्हणाली. "त्याची शिंगं सापडत नाहीत."

जर्मनीत झार नदीकाठच्या आमच्या गावात या बोलण्याचं कुणाला नवल वाटलं नसतं. तिचा नवरा वेंडेल दर शरदात गाईच्या शिंगांत शेण भरून ती द्राक्षमळ्यात पुरायचा. ईस्टरला उकरायचा, आतलं मूठभर पाण्यात घुसळून संध्याकाळी शिंपडायचा. छाटणी चंद्र बघून. मी शेजारचा मळेवाला; माझं औषध कंपनीचं, आणि चंद्र मी फक्त गुत्त्यातून घरी येताना वापरतो. त्याच्या वाइनबद्दल मात्र माझं तोंड बंद असे, कारण ते भरलेलं असे. इथल्या थंडीत द्राक्ष पिकतं ते रडतखडतच. पण शाळेत आम्ही पाटी जिभेनं पुसायचो, ती चव त्याच्या रीझलिंग वाइनमध्ये जशीच्या तशी यायची.

नाताळात तो गेला. शिंगांच्या खड्ड्यावर तो जुना खुंट रोवून ठेवायचा. जानेवारीत अपोलोनियानं मळ्यातले मोडके खुंट गोळा करून चुलीत घातले, त्यात तो खुंटही गेला. आता ईस्टर आलं, तर खड्ड्याची खूणच नाही.

"शहरातला वाइनचा व्यापारी मळा विकत मागतोय," ती म्हणाली. "शिंगं सापडली तर यंदाचं पीक मी काढते. नाहीतर देऊन टाकते. त्याचं शेवटचं काम अर्धं टाकून पुढचं कुठल्या तोंडानं सुरू करू?"

मी फावडं घेऊन वर गेलो. मदतीला नव्हे, तिचं खणणं बघवेना. आमचे उतार असे, की मेंढीसुद्धा आधी प्रार्थना करते. दुपार झाली तरी निघाले ते दगडच.

दमून ती अक्रोडाखालच्या एका सपाट दगडावर टेकली.

"जेवायला मी त्याला कधी हाक मारली नाही रे मॅथेस. सूप झालं की हा दारात हजर. मला वाटायचं, तेही चंद्रच सांगतो याला."

आणि ती खाली बघत राहिली. मीही वाकून बघितलं. फांद्यांमधून अख्ख्या गावातलं एकच काही दिसत होतं: तिच्या स्वयंपाकघराची खिडकी, आणि चुलीवरचं पातेलंसुद्धा.

तिनं टाचेनं पायाखालची माती ठोकली. "इथंच बसायचा तर. इथं खण."

शिंगं तिथंच होती. एक आपटून रिकामं केलं, तर शेणाचा मागमूस नाही. काळीभोर माती, आणि वास घनदाट रानाचा. चेष्टेला काही सापडतंय का म्हणून मी पुन्हा हुंगलं. नाही सापडलं.

खाली पिंपाशी तिनं बाह्या सारून काठी फिरवायला घेतली. पाण्याचा भोवरा तळाला टेकला की मोडायचा आणि उलटा फिरवायचा. वर्षानुवर्षं मी हे कुंपणाआडून बघून हसलो होतो. पिंपात डोकावलो मात्र आजच. पाण्यात तळापर्यंत विहीर पडली होती आणि तिच्या काठानं सगळं आभाळ गरगरत होतं. मी टोपी कधी काढली, कळलं नाही.

"बोल, काही म्हणायचंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

उन्हं उतरल्यावर आम्ही केरसुणीनं ते वेलींवर शिंपडलं. एक शिंग तिनं भरलेलंच ठेवलं होतं. ते परत खड्ड्यात ठेवून तिनं हातानं माती लोटली. "हे त्याचं त्याला राहू दे. आणि उद्या त्या शहरवाल्याला सांग, मळा विकायचा नाही."

ती घरी गेली. मी माझ्या मळ्यातला एक चांगला खुंट आणून तिथं ठोकला, आणि त्या दगडावर जरा बसलो.

खाली तिच्या धुराड्यातून धूर निघाला. थोड्या वेळानं पातेलं उतरलं. अपोलोनिया दारात येऊन उताराकडे बघत उभी राहिली, माझ्याकडे नव्हे. मग आत गेली. दार मात्र तिनं उघडंच ठेवलं.