दादाच्या नावाचं रक्त

पॉलिनने नाव विचारलं आणि बाबूने सवयीने सांगून टाकलं, "सदानंद राऊत."

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. अडखळेल कशी? उमेळ्याच्या त्यांच्या वाडीत तीस वर्षं सगळा कारभार थोरल्या भावाच्या नावावर चालत आला होता. केळीचे घड बाजारात जायचे सदानंदच्या नावाने, सोसायटीच्या सभेला हजेरी लागायची सदानंदची, मग खुर्चीत बाबू बसलेला का असेना. धाकट्याने थोरल्याच्या नावामागे उभं राहायचं, ही त्या घरची रीत. लॅबमधली पॉलिन नवीन होती. तिने डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, दंडाला रबरी पट्टा बांधला आणि बाबूचं ठणठणीत रक्त नळीत भरून तिच्यावर सदानंदचं नाव चिकटवलं. दोन हजार तीनचा दसरा होऊन चारच दिवस झाले होते.

सदानंदच्या पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन वर्षापूर्वी मुंबईत झालं होतं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी वसईचे डॉक्टर त्याचं रक्त तपासून घेत. रक्तात एक आकडा असतो, आजार पुन्हा पसरायला लागला की तो बहुधा चढतो, असं त्यांनी दोघा भावांना समजावलं होतं. ऑपरेशननंतर तो दोनवर होता. जुलैत नऊ आला. "नुसत्या आकड्यावर मी काही ठरवणार नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण पुन्हा चढलेला दिसला तर लगेच स्कॅन करू."

नेमकं त्याच वेळी सदानंदच्या मुलीचं, स्वप्नाचं लग्न बोळिंजच्या सिद्धेशशी ठरलं. सिद्धेशचे वडील श्रीपतराव मोजकं बोलणारे गृहस्थ. फोनवर एवढंच म्हणाले, "तुमचा रिपोर्ट येऊ दे, मग तारखेचं बघू."

झालं! दोघा भावांनी केळीच्या बागेत बसून त्या एका वाक्याचा कीस काढला. रिपोर्ट वाईट आला तर सोयरीक मोडणार, याबद्दल दोघांनाही शंका उरली नाही. तेव्हा जाऊन विचारावं एवढं साधं शहाणपण एकालाही सुचू नये? पण मुलीकडच्यांनी असं विचारायचं नसतं, हेही त्या घरचंच शहाणपण.

"बाबू, या खेपेला तू जा," सदानंद म्हणाला. "लग्नापुरतं. मग मी देतो माझं."

बाबूने आयुष्यात दादाला नाही म्हटलं नव्हतं.

आकडा आला एक पूर्णांक आठ. डॉक्टर खूश झाले. मागचा आकडा कशाने तरी तात्पुरता चढला असेल, आता पुढचं रक्त आणि स्कॅन एकदमच फेब्रुवारीत बघू, म्हणाले. श्रीपतरावांचाही फोन आला: "उत्तम झालं. आता घाई नको. बोळिंजच्या नव्या जागेचा ताबा मिळू दे, वैशाखात थाटात करू." सदानंदने तो रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवला. वर स्वतःचं नाव होतं, खाली चांगला आकडा होता. रोज पाहून पाहून तो कागद आपलाच आहे असं त्याला वाटायला लागलं. गावात कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगायचा, "रक्त एकदम स्वच्छ."

ते ऐकलं की बाबूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सदानंदचा सदरा त्याच्या अंगावर लोंबायला लागला. दोन घास खाऊन तो ताट सरकवायचा, आणि शेजारी बसून बाबू तीन भाकऱ्या खायचा. आपल्याला भूक लागते याचीच त्याला लाज वाटू लागली. "दादा, तुझं रक्त देऊन येऊ या," त्याने तीनदा सांगून पाहिलं. सदानंदचं एकच उत्तर, "लग्न होऊ दे."

माघात एका सकाळी सदानंदला पेजेचं पाणीही उलटून पडलं, तेव्हा बाबू त्याला न विचारता डॉक्टरांकडे गेला आणि खाली मान घालून बोलला, "ऑक्टोबरचं रक्त माझं होतं."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पुन्हा रक्त आणि स्कॅन लिहून दिलं. या खेपेला दंड सदानंदचाच होता. आकडा दोनशे चौदा आला. यकृतावर गाठी होत्या, पोटात पाणी साठायला लागलं होतं.

"ऑक्टोबरमध्ये कळतं तर आजार पळून गेला नसता," डॉक्टर बाबूला म्हणाले. "पण औषधाला वाव होता. किती, ते आता मलाही सांगता येणार नाही."

बाबू तसाच बोळिंजला गेला. श्रीपतरावांसमोर हात जोडून त्याने सगळं ओकून टाकलं. "दोष माझा आहे, त्यात पोरीचं काही नाही. सोयरीक मोडू नका."

श्रीपतराव त्याच्याकडे बघतच राहिले. "मोडायची? अहो, रिपोर्ट का मागितला होता मी? वाईट आला असता तर तुळशीचं लग्न लागल्यावर पहिल्याच मुहूर्ताला उरकणार होतो. बापाला आपल्या पायांवर उभं राहून मुलीचं लग्न बघता यावं, म्हणून. चांगला आला, म्हणून तर वैशाखापर्यंत थांबलो ना!"

रस्त्यात कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून बाबू वाडीच्या मागच्या वाटेने घरी आला.

सदानंद खाटेवर उशीला टेकून बसला होता. "मोडलं ना?" त्याने विचारलं.

"नाही. पुढच्याच आठवड्यात लग्न करू म्हणतात."

"मग रिपोर्ट कशाला मागत होते?"

काहीतरी थाप मारावी असं बाबूच्या मनात आलं. पण आता दादाच्या नावाने काय, स्वतःच्या नावानेही खोटं बोलण्याची त्याच्यात ताकद नव्हती. श्रीपतराव बोलले ते शब्दन्शब्द त्याने सांगितलं. सदानंद ऐकत राहिला. आयुष्यात प्रथमच त्याने धाकट्या भावासमोर नजर खाली वळवली.

"स्वप्नाला यातलं काही सांगू नकोस," तो म्हणाला.

"सांगितलं दादा. आत्ता मागच्या दाराने आलो ना, आधी तिलाच सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. तुझ्यासाठी पेज करतेय."

आतून भांड्याचा आवाज आला, मग पावलं वाजली. सदानंदने घाईघाईने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.